आत काय शिरलं?

सलग तीन वर्षं मार्च उजाडला की मी गाडी एकाच ठिकाणी नेत असे आणि एकच वाक्य बोलत असे, "एसी गार लागत नाही, गॅस भरून द्या." तिथला पोरगा बॉनेट उघडायचा, निळा पाइप जोडायचा, सिलिंडरची चावी फिरवून गेजचा काटा बघायचा. दहा मिनिटांत जाळीतून गार वारा यायला लागायचा. पैसे देऊन मी समाधानाने घरी. चौथ्या वर्षी, मे महिन्यात, अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला आणि पट्टा तुटला. कॉम्प्रेसर जाम झाला होता.

गाडी टोचन करून ज्या एसीवाल्याकडे नेली, त्याने आधी पाना हातात घेतला नाही. विचारलं, "गॅस किती वेळा भरला?"

"दरवर्षी. संपतोच ना तो."

"गॅस म्हणजे पेट्रोल आहे का भाऊ, जळून जायला?"

त्या दुपारी त्याने जुना ड्रायर बाहेर काढला आणि करवतीने कापून माझ्यासमोर ठेवला. ड्रायर म्हणजे वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची डबी. तिच्यात पाणी शोषणारे दाणे असतात. नव्या ड्रायरमधले हे दाणे कोरड्या साबुदाण्यासारखे, एकमेकांपासून मोकळे. माझ्या गाडीतले तपकिरी पडून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांच्या फटींत काळा चिखल होता. तो बोटावर घेतला, उन्हात धरला, तर काळ्या तेलात चंदेरी कण चमकत होते. तो कॉम्प्रेसरचाच कीस होता. तीन वर्षं मी बाहेर किती गॅस गेला याचा हिशेब करत होतो. आत काय शिरतंय याचा विचार एकदाही केला नव्हता. गाडीच्या एसीचं सगळं दुरुस्तीशास्त्र या दुसऱ्या प्रश्नावर उभं आहे, म्हणून हे प्रकरण त्याच्याभोवतीच लिहितो आहे.

लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याची मोठी भट्टी धडधडत असते तेव्हा तिच्या सिलिंडरकडे बघावं. भर उन्हाळ्यातही त्याच्या खालच्या भागावर पाण्याचे थेंब धरतात, कधी पांढरं हिव जमतं, ज्योत मंदावते. मग आचारी सिलिंडर पाण्याच्या टबात उभा करतो. आतल्या द्रवाचा भराभर वायू होतो आहे आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढून घेतो आहे, म्हणून पत्रा गार पडतो. तुमच्या डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या कूलिंग कॉइलमध्ये हेच चालतं. फरक एवढाच की भट्टीतला गॅस जळून जातो आणि गाडीतला गोळा करून, दाबून, पुन्हा द्रव करून परत त्याच कामाला लावला जातो. तोच गॅस, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं.

आज आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू आहे. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. कूलिंग कॉइलमध्ये त्याच्यावर साधारण ३० पीएसआय दाब असतो, तिथे तो २ अंशांच्या आसपास उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला ओढून २३० पीएसआयच्या घरात दाबतो. एवढ्या दाबाखाली हाच वायू ६० अंशांना द्रव होऊ शकतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये हे घडतं. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंशांची हवा आपल्याला भाजून काढते, पण ६० अंशांच्या गॅसला तीच हवा गार आहे. तिला उष्णता देऊन तो द्रव होतो, ड्रायरमधून गाळून निघतो, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून कॉइलमध्ये शिरतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. गॅसबरोबर थोडं तेलही सतत फिरत असतं. कॉम्प्रेसरला वंगण पुरवायचं काम त्याचं. गॅस कमी झाला की हे तेल कॉम्प्रेसरपर्यंत नीट परतत नाही, आणि गळती असेल तर गॅसबरोबर तेही बाहेर जातं. माझा कॉम्प्रेसर कोरडा पडत पडत जाम झाला.

तेव्हा गॅस संपत नसेल तर कमी का होतो? थोडा खरंच जातो. रबरी पाइपांच्या भिंतीतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम निसटतात. सहा-सात वर्षं जुन्या गाडीचा गारवा पहिल्यांदाच कमी झाला तर त्यात नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे. ते न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरत राहणं.

त्यात हे वरून भरणं केवढ्या अंदाजाने चालतं ते पाहा. घरी सिलिंडर येतो तेव्हा जाणता माणूस तो काट्यावर तोलून घेतो, कारण आत १४.२ किलो गॅस आहे की ११ किलो, हे दाब सांगू शकत नाही. जोवर आत द्रव आणि वायू दोन्ही आहेत, तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. गाडीच्या एसीलाही हाच नियम लागू. इंजिन बंद आहे, हवा ३० अंश आहे, तर आर-१३४एचा काटा ९७ पीएसआयच्या आसपास उभा राहील, मग आत २०० ग्रॅम असोत की ४००. एसी चालू असताना गेज पुष्कळ काही सांगतं, पण त्याचं बोलणं बाहेरच्या हवेवर, पंख्याच्या जोरावर, इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून असतं. नेमकं उत्तर एकच, वजन. बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. माझ्या गाडीला ३८०. पन्नास ग्रॅम कमी भरले तर गारवा घटतो. पन्नास जास्त भरले तरीही घटतो, कारण कंडेन्सरमध्ये द्रवाचीच दाटी होते, दाब चढतो, आणि कॉम्प्रेसरवर भलताच ताण येतो. गॅस भरणाऱ्याकडे वजनकाटा नसेल तर मी आता गाडी उभीसुद्धा करत नाही.

आता आत शिरणाऱ्या पाहुण्यांकडे वळू. पहिला पाहुणा हवा. गेजचा पाइप जोडण्याआधी त्यात हवाच असते. थोडा गॅस सोडून तो पाइप धुऊन घेतला नाही तर ती हवा थेट गाडीत जाते. तीन वर्षं माझ्या डोळ्यांदेखत हे होत होतं. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, जागा अडवून बसते आणि दाब वाढवते. दुसरा पाहुणा हवेबरोबर येणारी वाफ. एक्स्पान्शन वॉल्व्हच्या भोकापाशी तापमान शून्याच्या जवळ जातं, तिथे त्या ओलाव्याचा बर्फ होऊन भोक बुजतं. एसी अर्धा तास गार, मग एकदम कोमट, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असा खेळ चालू होतो. याहून वाईट म्हणजे पाणी, गॅस आणि तेल उष्णतेत एकत्र राहिले की आम्ल तयार होतं, आणि ते ॲल्युमिनियमला आतून खातं. नव्या गाड्यांत वापरलं जाणारं पीएजी तेल तर पावसाळ्यातल्या मिठासारखं पाणी ओढतं. म्हणून चांगला मेकॅनिक त्याच्या डब्याचं झाकण लगेच लावतो.

शिरलेलं पाणी बाहेर काढायचं कसं? पुसून ते निघणार नाही. म्हणून व्हॅक्यूम मारतात. पंप लावून आतली हवा ओढून घेतात. दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पंचविसाव्या भागावर आला की पाणी २९-३० अंशांनाच उकळू लागतं. म्हणजे मे महिन्यातल्या गॅरेजमध्ये, चूल न पेटवता, पाइपांच्या आतलं पाणी उकळून वाफ होतं आणि पंप ती वाफ खेचून बाहेर टाकतो. मला ही सबंध कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, आणि नेमकी हीच पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो. पाच मिनिटांत काटा खाली जातो, पण तेव्हा फक्त हवा निघालेली असते. ओलावा निघायला अर्धा-पाऊण तास हवा, सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर आणखी. मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का ते बघायचं. हळूहळू वर सरकला तर एक तर गळती आहे, नाही तर आत अजून पाणी उकळतं आहे.

इथे एक सावधगिरी. काटा जागेवर राहिला म्हणजे गळती नाही, असं नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलत असते, तीही जेमतेम १५ पीएसआयच्या जोराने. चालू एसीत आतून बाहेर जोर असतो २३० पीएसआयचा. बाहेरून दाबल्यावर मिटणारी फट आतून रेटल्यावर उघडते. म्हणून संशय असेल तर नायट्रोजन भरून, दाब देऊन, साबणाच्या फेसाने प्रत्येक जोड तपासतात. नायट्रोजनच का? तो कोरडा आहे आणि कशाशी भांडत नाही. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरने हे केलं तर ओलावा आत जातो, आणि वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. हे कुणी करताना दिसलं तर तिथून दूर व्हा.

गळती शोधणं हे खरं कसब. माझ्या एसीवाल्याने टॉर्च घेतला आणि यंत्र लावण्याआधी नुसती धूळ वाचली. सगळ्या बॉनेटभर धूळ कोरडी, भुरभुरीत होती. कंडेन्सरच्या वरच्या जोडाशी मात्र रुपयाएवढा काळपट, चिकट डाग होता. गॅसबरोबर तेल पाझरतं, तेलावर धूळ बसते. त्याने डागावर बोट फिरवलं, वास घेतला, फेस लावला. फेसात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उमलत राहिले. दोष होता एका ओ-रिंगमध्ये. हिरव्या रबराची, करंगळीत बसेल एवढी चकती. वयाने कडक होऊन तिला चीर गेली होती. तिची किंमत एका चहाहून फार नसेल.

सगळ्याच गळत्या इतक्या सोप्या नसतात. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, ती दिसत नाही. तिच्यावर कायम पाणी जमतं, त्या पाण्यात धूळ आणि पानांचा चुरा कुजतो आणि ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. तिची तपासणी गाडीखालून करतात. एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी गळतीशोधक यंत्र धरायचं, कारण गॅस हवेहून जड असतो आणि तिथून खाली उतरतो. कोकणात आणि गोव्यात कंडेन्सर आधी जातो. खारी हवा त्याच्या पत्र्याच्या बारीक पाकळ्या कुरतडते, हात लावला की त्यांची पांढरी भुकटी होते. देशावर त्याच पाकळ्यांत धूळ आणि किडे अडकतात. तो नुसत्या पाण्याने, हलक्या धारेने धुवावा. गाडी धुणाऱ्याचं जोरदार प्रेशर मारलं की पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते.

सुटे भाग बदलायची वेळ आली की लोक एकच भाग बदलू पाहतात. कॉम्प्रेसर गेला, कॉम्प्रेसर बदला. समजण्यासारखं आहे, तो महाग असतो. पण जाम झालेल्या कॉम्प्रेसरने मरताना आपला कीस पुढे पाठवलेला असतो. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या चपट्या आणि आतून केसागत बारीक वाटांच्या असतात. त्यांत अडकलेला कीस कितीही फ्लशिंग केलं तरी पुरता निघत नाही. तसाच ठेवला तर तो सुटून नव्या कॉम्प्रेसरच्या घशात जातो. म्हणून कॉम्प्रेसर आतून झिजून गेला असेल तर त्याच्याबरोबर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह बदलणं हा जास्तीचा खर्च नाही, तोच खर्च दुसऱ्यांदा टाळण्याची ती एकमेव वाट आहे. उलट, कॉम्प्रेसरच्या पुढचा मॅग्नेटिक क्लच किंवा त्याचं बेअरिंग वाजत असेल तर अनेक गाड्यांत गॅस न काढता तेवढंच बदलता येतं. आवाज आला की कॉम्प्रेसरच गेला असं सांगणाऱ्याला क्लच सुटा मिळतो का, हे जरूर विचारावं. क्लचची चकती आणि पुली यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. ती झिजून वाढली की गरम इंजिनवर क्लच धरत नाही आणि एसी भर दुपारी दगा देतो.

तेलाचाही हिशेब असतो. नवा कॉम्प्रेसर पुष्कळदा सबंध सिस्टिमला पुरेल एवढं तेल पोटात घेऊन येतो. जुन्या पाइपांत आणि कॉइलमध्ये तेल उरलेलं असतंच. जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल मोजपात्रात ओतून पाहायचं आणि त्या मानाने नव्यातलं कमी करायचं. तेल कमी झालं तर कॉम्प्रेसर झिजतो. जास्त झालं तर ते कॉइलच्या भिंतींवर साय धरून बसतं आणि गारवा पोहोचू देत नाही. ओ-रिंग नेहमी नवी, एसीच्याच तेलात बुडवून बसवायची. जोड आवळताना दोन पाने लागतात, एकाने नट फिरवायचा आणि दुसऱ्याने पाइप धरून ठेवायचा, नाही तर मऊ ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जातो. आणि नव्या ड्रायरची बुचं सगळ्यात शेवटी काढायची. टेबलावर उघडा पडलेला ड्रायर गाडीत बसण्याआधीच खोलीतली वाफ पिऊन तृप्त झालेला असतो.

या आत शिरण्याच्या गोष्टीतलं सर्वांत भयानक पान गाडीच्या नव्हे, जहाजाच्या जगातलं आहे. २०११ मध्ये शीतकंटेनरांची दुरुस्ती करताना व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये स्फोट झाले आणि कामगार मेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते ॲल्युमिनियमशी जुळून असं रसायन बनवतं, जे हवा लागताच पेटतं. गाडीचा एसीही बहुतांशी ॲल्युमिनियमचाच. स्वस्तात मिळणारा बिननावाचा डबा म्हणून परवडत नाही. एलपीजीसारखे ज्वलनशील वायू मिसळून 'जास्त गार करणारा गॅस' विकणारेही आहेत. असा वायू चढ्या दाबाने तुमच्या कूलिंग कॉइलमध्ये, म्हणजे मुलं बसतात त्या केबिनच्या हवेच्या वाटेवर फिरणार असतो.

बाहेर जाणाऱ्या गॅसचंही एक देणं आहे, ते मात्र सगळ्यांच्या खात्यावर पडतं. आर-१२ हा जुना वायू ओझोनचा थर खातो हे शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो मागे पडला आणि आर-१३४ए आला. हा ओझोनला हात लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट आहे. ४०० ग्रॅम हवेत सोडले तर ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. साधारण २५० लिटर पेट्रोल जाळल्यावर तेवढा निघतो, आणि लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सहा वेळा पार करेल. पिन दाबून 'फुस्स' करून सोडलेला गॅस हा एवढा असतो. म्हणून तो रिकव्हरी मशीनमध्ये ओढून घ्यायचा, तोलायचा, शुद्ध करून पुन्हा वापरायचा. किती निघाला याचा आकडा कळला तर गळतीचा अंदाजही आपोआप येतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आहे. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती स्वीकारली, तिच्यानुसार असे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचे आहेत.

गॅसच्या नावावर खपणारे काही साधे बिघाडही आहेत. पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो, तर रेझिस्टर गेलेला असतो. हायवेला गार आणि सिग्नलवर गरम, तर आधी कंडेन्सरचा पंखा बघा. तासभर चालवल्यावर जाळीतला वारा बारीक होतो आणि एसी थोडा बंद ठेवल्यावर पूर्ववत होतो, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे, तिचा सेन्सर तपासावा. पायाशी पाणी साचलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर तर घरीही बदलता येतो, फक्त त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा. मात्र गॅसच्या जोडांना घरी हात लावू नये. द्रव गॅस डोळ्यात किंवा कातडीवर उडाला तर क्षणात गोठवतो.

माझ्या गाडीचं काम दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी जुना कंडेन्सर उतरवलेला होता, नवा खोक्यात होता, आणि बाहेरून चहाची हाक आली. एसीवाला उठला. त्याच्या हाताखालचा पोरगाही उठला, पण दोन पावलं जाऊन परत फिरला. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीचे दोन तुकडे काढले, उघड्या पाइपांच्या दोन्ही तोंडांवर ताणून बसवले, वरून रबरबँडचे तीन-तीन वेढे घातले, मग चहाला गेला.